अण्णांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसलेल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तुम्ही येऊन आमच्या सिनेमाचा आवाज नीट करून गेलात त्याला चार दिवस झाले. फोनवर बोलायला गेले तर घसा दाटून आला, म्हणून हे पत्र.

नाटक-सिनेमावर जीव असलेले आमचे अण्णा हल्ली पंधरा मिनिटांत उठून आत जायचे. संवादच कळत नाहीत म्हणायचे. घरात स्पीकरना आवाज वाटून देणारा रिसीव्हर आहे, पाच स्पीकर आणि जाड, खालच्या आवाजाचा सबवूफर आहे, सिनेमा लावायला कॉम्प्युटर आहे. पण संवाद ज्यातून यायचे तो मधला स्पीकर मुका.

तुमच्याआधी तिघे येऊन गेले. एक म्हणाला, रिसीव्हर जुना झाला, नवा घ्या. दुसऱ्याने स्पीकर उडालाय सांगून साडेआठशे रुपये नेले आणि पुन्हा फोन उचलला नाही. तिसरा अण्णांच्या देखत म्हणाला, "यांना ऐकूच येत नाही, मग एवढा खटाटोप कशाला?" तेवढं मात्र अण्णांना नीट ऐकू आलं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही.

तुम्ही आधी रिसीव्हरच्या मागे वाकून पाहिलंत. कॉम्प्युटरचा आवाज उजेडाने रिसीव्हरला नेणारी ऑप्टिकल वायर काढून तिच्या टोकाचा लाल उजेड मला दाखवलात. म्हणालात, "ताई, हिच्यातून साधा आवाज दोनच चॅनलचा, म्हणजे दोन स्पीकरपुरताच जातो. पाच-सहा न्यायचे तर डॉल्बी नाहीतर डीटीएस या पद्धतीने दाबून न्यावे लागतात. तुमचा कॉम्प्युटर सगळं दोनातच कालवून पाठवतोय." म्हणजे संवाद आणि संगीत एकात एक, आणि मधल्या स्पीकरच्या वाट्याला काहीच नाही. मग पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली एचडीएमआय वायर ग्राफिक्स कार्डापासून थेट रिसीव्हरला जोडलीत, विंडोजमध्ये ५.१, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफर, निवडलंत, आणि रिसीव्हरच्या पट्टीवर 'मल्टी चॅनल इन' उमटलं. एचडीएमआयमधून आठ चॅनल न दाबता जातात, हे मला तेव्हा कळलं. कुठलाच स्पीकर उडालेला नव्हता.

पण काका, मला लिहायचंय ते याच्या पुढचं.

एकेका स्पीकरचा आवाज तपासायची वेळ आली तेव्हा तुम्ही अण्णांच्या खुर्चीशेजारी फरशीवर मांडी घातलीत, त्यांच्या कानाजवळ कान नेलात आणि त्यांनाच विचारलंत, "अण्णा, कुठून आला ते हाताने दाखवा. घाई नाही." पुढचा डावा, पुढचा उजवा, अण्णांनी बरोबर दाखवले. मधल्याला त्यांनी बोट समोर धरलं आणि खाली घेतलंच नाही. मागच्या डाव्याला हात उठला नाही. त्या बाजूचा कान त्यांचा जास्तच गेलाय. "ऐकू आलं नाही का?" असं तुम्ही विचारलं नाहीत. गुपचूप दोन डेसिबल वाढवून पुन्हा लावलंत. नाही. आणखी दोन. हात उठला. तुम्ही फक्त "हां, बरोबर" म्हणालात.

मी दारात उभी राहून बघत होते. त्यांच्या कानाचा विषय निघाला की आम्ही घरचेसुद्धा आवाज चढवतो, चिडतो. मदत करताना समोरच्याला ओशाळं वाटू न देणं तुम्हाला किती सहज जमतं! तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार पोचवा, नसतील तर त्यांच्या फोटोला.

काल रात्री अण्णा सिनेमा संपेपर्यंत बसले होते. मध्ये मी चहाचं विचारायला गेले, तर हात वर करून म्हणाले, "थांब गं, ऐकू दे."

आपली,
अण्णांची मुलगी