बंपर उतरवल्याशिवाय सही करू नकोस

चि. सोनूस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या गाडीला मागून धडक बसली, तिचे तू पाठवलेले फोटो नीट मोठे करून पाहिले. बंपरवर एक ओरखडा आणि डिकीची एक बाजू जरा वर आलेली, एवढंच दिसतंय. धडक देणाऱ्याच्या विमा कंपनीचा माणूस "किरकोळ आहे, रक्कम घ्या आणि मिटवून टाका" म्हणतोय, असं तू लिहिलंस. इतक्यात मिटवू नकोस. बंपर उतरवून आतलं बघेपर्यंत कोणत्याच कागदावर सही नको.

आपण ज्याला बंपर म्हणतो ते वरचं नुसतं प्लॅस्टिकचं कव्हर असतं. धक्का बसला की ते आत दबतं आणि पुन्हा बाहेर येतं, त्यामुळे जोरात धडक बसली तरी वरून फारसं काही कळत नाही. त्याच्या मागे धक्का शोषणारा फोमचा ॲब्सॉर्बर, फोमच्या मागे धातूचा आडवा क्रॅश बार, आणि तो बार दोन पोकळ ब्रॅकेटांवर बसवून चॅसीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, टोकांना बोल्टने जोडलेला. धडकेचा जोर खायचा तो या तिघांनी. फोमला भेगा गेल्या किंवा ब्रॅकेट चेपले की त्यांचं काम संपलं, ते नवीनच लागतात. बारला बाक आला असेल तर गॅरेजवाला तापवून सरळ करून देतो म्हणेल. त्याला नाही म्हण. हा बार बहुधा हाय स्ट्रेंग्थ स्टीलचा असतो आणि ते तापवलं की त्याची ताकद जाते. नुसतं कव्हर बदलून, रंग मारून गाडी चकचकीत करून दिली, तर पुढच्या धडकेत जोर थेट चॅसीवर आणि मागे बसलेल्यांवर येईल. मागे टो हूक (दुसरं वाहन ओढायचा हूक) असेल तर आणखी फसगत होते: बंपर कोरा राहतो आणि हूकमार्गे सगळा दणका चॅसीत शिरतो.

आज संध्याकाळी एक कर. डिकी रिकामी कर, खालचं कार्पेट उचल, स्टेपनी बाहेर काढ आणि तो खळगा टॉर्च लावून बघ. पत्र्याला लाटेसारखी वळी पडली आहे का? दोन पत्रे जुळतात तिथे सीलंटची जाड रेघ असते. तिला केसासारखी बारीक भेग आहे का, किंवा तिच्या कडेने रंगाचे टवके उडालेत का? असतील तर पत्रा हलला असण्याची दाट शक्यता आहे. त्या भेगेतून पावसाचं पाणी आत येतं, कार्पेटखाली साचतं आणि तिथून गंज धरतो. मग डिकी लावून तिच्या दोन्ही बाजूंच्या फटी बोट फिरवून ताडून बघ. मागच्या दारांच्या फटीही बघ. दाराची फट वर एक आणि खाली एक असेल, तर दणका डिकीवर न थांबता पुढपर्यंत गेला असू शकतो. प्रत्येक ठिकाणचा एक लांबून आणि एक जवळून, पट्टी धरून फोटो काढ.

डॅशकॅमची त्या दिवसाची फाइल आजच दुसरीकडे कॉपी करून ठेव. कार्ड भरलं की जुन्यावर नवीन चढतं.

धडकेने तुझी गाडी पुढे ढकलली जाऊन पुढच्या गाडीला टेकली का, हे तू लिहिलं नाहीस. टेकली असेल तर क्लेममध्ये मागचं आणि पुढचं, दोन्ही नुकसान पहिल्याच दिवशी लिही, आणि आधी धडक मागून बसली हा क्रम स्पष्ट लिही. पुढे रेडिएटर आणि एसीचा कंडेन्सर लगेच ग्रिलमागे असतात. नंतर एसी गार करेना म्हणून गेलीस, तर ते याच अपघातातलं आहे हे पटवणं जड जातं.

पैशाच्या दोन वाटा आहेत. एक, चूक ज्याची त्याच्या कंपनीकडे थर्ड पार्टी क्लेम. यात तुझ्या पॉलिसीला हात लागत नाही, पण त्यांनी चूक मान्य करेपर्यंत गाडी अडकून राहू शकते. दुसरी, तुझी पॉलिसी स्वतःच्या गाडीचं नुकसान भरून देणारी असेल तर आपल्याच कंपनीकडे क्लेम. गाडी लवकर हातात येते, कंपनी नंतर धडक देणाऱ्याच्या कंपनीकडून वसूल करू शकते. मात्र डिडक्टिबल, म्हणजे क्लेममधला आपल्या वाट्याचा ठरलेला हिस्सा, आधी तुला भरावा लागतो. मी असते तर दुसरी वाट धरली असती, पण आधी तीन गोष्टी ईमेलवर विचारून घेतल्या असत्या. वसुली झाली की डिडक्टिबल परत मिळेल का? चूक माझी नसताना नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) जाईल का? प्लॅस्टिकच्या पार्टवर घसारा, म्हणजे जुनेपणापोटी रक्कम, कापणार का? फोनवरचं उत्तर धरू नकोस, लेखीच माग. आणि कोणत्याही वाटेने गेलीस तरी आपल्या कंपनीला अपघात ताबडतोब कळव. उशीर हे क्लेम नाकारायला आयतं कारण होऊ शकतं.

आता एस्टिमेट, म्हणजे दुरुस्तीच्या खर्चाचा अंदाज. पहिलं एस्टिमेट हे डोळ्यांना दिसतं तेवढ्याचंच असतं, त्यात फसवणूक असतेच असं नाही. बंपर उतरला की आतलं सापडतं आणि वाढीव एस्टिमेट बनतं. ते सर्व्हेअरने (नुकसान तपासणाऱ्या विमा कंपनीच्या माणसाने) मंजूर करेपर्यंत काम पुढे न्यायचं नाही आणि जुने पार्ट टाकून द्यायचे नाहीत, हे गॅरेजला बजावून ठेव. सर्व्हेअरने बघायच्या आत मोडका बार भंगारात गेला, तर तो मोडला होता हे सिद्ध कशावरून करणार? कागदावर मोठ्या पार्टांची नावं सगळे लिहितात. गाळल्या जातात त्या बारीक नोंदी. क्लिपा आणि एकदाच वापरायचे बोल्ट, पत्र्याच्या सांध्यावरचं सीलंट, आतल्या बाजूचं गंजरोधक वॅक्स, टेल लॅम्पच्या मागचे तुटलेले लग (दिवा बसवायचे कान), सायलेन्सरचे रबर हँगर, मागच्या चाकांसकट चारही चाकांचं ॲलाइनमेंट, दुरुस्तीआधी आणि नंतर गाडीच्या कॉम्प्युटरचं स्कॅनिंग. तुझ्या गाडीचा रंग मेटॅलिक आहे, त्यामुळे शेजारच्या पॅनेलवर रंग मिसळत न्यावा लागतो, नाहीतर उन्हात डिकी वेगळी आणि बाजू वेगळी दिसते. त्याचीही ओळ हवी. आणि प्रत्येक पार्टपुढे ओरिजिनल, दुसऱ्या कंपनीचा की वापरलेला, हे लिहून घे. निदान बार, ब्रॅकेट आणि फोमच्या बाबतीत ओरिजिनलसाठी अडून बस.

गाडीला ब्लाइंड स्पॉटचे (आरशात न दिसणारी बाजूची गाडी ओळखणारे) रडार असतील तर ते बहुधा बंपरच्या कोपऱ्यांमागे असतात. ते प्लॅस्टिकच्या आरपार बघतात. फाटलेल्या कव्हरला पुटी भरली किंवा रंगाचे जाड थर चढवले, तर त्यांना नीट दिसत नाही आणि दिवा मात्र पेटेलच असं नाही. म्हणून रडारसमोरच्या जागी कव्हर फाटलं असेल तर दुरुस्ती नको, नवीनच घ्यावं. ब्रॅकेट जरा वाकडं बसलं तरी रडारची दिशा चुकते, तेव्हा कॅलिब्रेशन केल्याचा, म्हणजे दिशा पुन्हा जुळवल्याचा, छापील रिपोर्ट माग.

पुढच्या दोन सीट विसरू नकोस. मागून धडक बसली की तुझा भार पट्ट्यावर न येता सीटच्या पाठीवर येतो. पाठ वाकडी झाली असेल, लिव्हर अडकत असेल, हेडरेस्ट हलत असेल, तर तेही एस्टिमेटमध्ये यायला हवं. चाइल्ड सीट गाडीत होती का? मग तिच्या मॅन्युअलमध्ये अपघातानंतर बदलायला सांगितलंय का ते बघ आणि सांगितलं असेल तर तिची किंमतही क्लेममध्ये घाल.

आणि गाडीच्या आधी तू. मानेचं दुखणं पुष्कळदा लगेच कळत नाही, २४ ते ४८ तासांनी वर येतं. आता दुखत नसलं तरी डॉक्टरांकडे जाऊन तपासून घे आणि कागद जपून ठेव. हाताला मुंग्या येणं, हातातला जोर कमी वाटणं, उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गोंधळल्यासारखं होणं, यांतलं एक जरी झालं तरी थांबायचं नाही, सरळ इस्पितळ गाठायचं. गाडीच्या पैशाच्या पावतीत "सर्व दावे पूर्ण व अंतिम" असं वाक्य असेल तर त्यात इजेचा दावाही बुडू शकतो. "फक्त वाहनाच्या नुकसानीपोटी" असं लिहून दिल्याशिवाय सही नाही.

गाडी घ्यायला दिवसाउजेडी जा. फटी पुन्हा ताड, चारही पार्किंग सेन्सरसमोर एकेक करून उभी राहा, ब्रेक, रिव्हर्स आणि नंबर प्लेटचा दिवा कुणाला तरी मागे उभं करून बघ. डिकीवर पाइपने पाच मिनिटं पाणी मारायला लाव आणि मग स्टेपनीचा खळगा हाताने चाचप, कोरडा लागला पाहिजे. सरळ रस्त्यावर चालवताना स्टिअरिंग मधोमध राहायला हवं. यातलं काही खटकलं तर डिलिव्हरीच्या कागदावर तिथल्या तिथे लिही, मगच किल्ली घे.

वाढीव एस्टिमेट हातात आलं की सगळ्या पानांचे फोटो मला पाठव. मंजुरी द्यायच्या आधी आपण दोघी फोनवर ते ओळीन्‌ओळ वाचू.

तुझी,
आई