पाणबुडीच्या नळीत काय आहे, तेही छापत जा

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

पाणबुड्यांसाठी 48 हेवीवेट टॉर्पेडो (पाण्याखालून लक्ष्याकडे जाणारी जड अस्त्रे) घेण्याच्या कराराची बातमी आपल्या अंकात वाचली. ती छापलीत याचे समाधान वाटले. आमच्या हर्णै बंदरावर पाणबुडीबद्दल अभिमानाने बोलणारे पुष्कळ भेटतात, पण टॉर्पेडोबद्दल विचारणारा आजवर एकही भेटला नाही. मात्र टॉर्पेडो म्हणजे 'जहाजाच्या अंगाला भोक पाडणारे अस्त्र' असे बातमीत म्हटले आहे, ते दुरुस्त करावे ही विनंती.

मी 1975 साली नौदलात भरती झालो. पंधरा वर्षांची नोकरी बहुतेक पाणबुडी शाखेतच झाली. आधी विशाखापट्टणमला रशियन बनावटीच्या पाणबुडीवर होतो, नंतर टॉर्पेडो तयार करण्याच्या वर्कशॉपमध्ये. त्या जुन्या पाणबुडीत टॉर्पेडो सोडायच्या दहा नळ्या आणि 22 टॉर्पेडो असत. पुढच्या कप्प्यात आमची झोपायची फळी टॉर्पेडोला लागूनच होती. कूस बदलली की हात त्याच्या गार पत्र्याला लागायचा.

आजचा हेवीवेट टॉर्पेडो 533 मिलिमीटर व्यासाचा, साधारण सहा मीटर लांब आणि दीड टनाच्या आसपास वजनाचा असतो. त्यात अडीचशे-तीनशे किलो स्फोटक भरलेले असते. तो जहाजाच्या कुशीवर आदळायला जात नाही. तो पठाणाखाली, म्हणजे जहाजाच्या तळातल्या कण्याखाली, शिरतो आणि तळापासून काही मीटर खाली फुटतो. स्फोटाच्या वायूचा बुडबुडा जहाजाला मधोमध वर उचलतो, आणि तो आक्रसला की जहाजाच्या पोटाखालचा आधारच जातो. होडी वर ओढताना ती मध्येच एका ओंडक्यावर टेकली तर पठाणाला तडा जातो, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असते. हजारो टनांच्या युद्धनौकेचे तेच होते, तिचा कणा मोडतो. 2010 साली दक्षिण कोरियाची चेओनान ही युद्धनौका अशीच दुभंगली आणि 46 नौसैनिक गेले.

पण टॉर्पेडोची खरी किंमत दारूगोळ्यात नाही, त्याच्या कानात आहे. माझे वडील घोळीच्या मोसमात होडी थांबवायचे, वल्हे पाण्यात उभे धरायचे आणि त्याची मूठ कानाला लावायचे. घोळ मासा पोटातल्या बोताने (हवेच्या पिशवीने) घुमल्यासारखा आवाज काढतो, तो लाकडातून वर येई. आवाजावरून थवा कुठल्या अंगाला आहे ते वडील सांगत, आणि जाळे तिकडेच पडे. टॉर्पेडोच्या नाकात बसवलेला सोनार, म्हणजे आवाजावरून वेध घेणारे यंत्र, हेच काम करतो. आधी तो नुसते ऐकतो. जवळ गेला की स्वतः आवाज सोडून प्रतिध्वनी घेतो. काही टॉर्पेडो जहाजामागे उमटलेल्या फेसाचा माग काढत जातात. (टॉर्पेडो हे नावही मुळात माशाचेच आहे. हात लावताच झिणझिण्या आणणारे एक पाकट कधीमधी जाळ्यात येते, त्याच्या लॅटिन नावावरून ते पडले.)

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे 1500 मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून अधिक वेगाने. पण तो सरळ जात नाही. उन्हाने वरचे पाणी तापले की आवाज खाली वळतो, म्हणून शांत दिवशी सकाळी नीट ऐकणारा जहाजाचा सोनार दुपारी बहिरा होतो. त्यात आपल्या कोकणपट्टीचा समुद्र उथळ. तळाचाही प्रतिध्वनी, लाटांचाही, आणि वर शेकडो ट्रॉलरच्या इंजिनांचा गोंगाट. उत्तर अटलांटिकच्या थंड, खोल पाण्यातल्या चाचणीत पहिला आलेला टॉर्पेडो इथेही पहिला येईलच असे नाही.

म्हणूनच टॉर्पेडोला तार असते. पूर्वी तांब्याची असे, आता काही टॉर्पेडोंना काचतंतूची असते. तारेचे एक रीळ पाणबुडीकडे आणि एक टॉर्पेडोच्या पोटात. दोन्हीकडून तार सुटत राहते, त्यामुळे मधली तार पाण्यात जवळजवळ स्थिर पडून राहते आणि ताण येत नाही. पाणबुडीत बसलेला माणूस तिच्यावरून टॉर्पेडोला वळवतो, फसव्या आवाजामागे लागला तर परत आणतो. सरावाच्या एका फेरीत आमची तार तुटली होती. टॉर्पेडो भलतीकडे गेला आणि शेवटी पाण्यावर तरंगलेले त्याचे भगवे नाक शोधण्यात चार तास गेले. लढाईत तार तुटली तर तो स्वतःच्या कानावर पुढे जातो, आणि तो कान किती चांगला आहे ते तेव्हाच कळते.

9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला, त्यांच्यासह 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. हंगोरच्या कप्तानाने नंतर सांगितले की पहिला टॉर्पेडो खुकरीसोबतच्या कृपाण या युद्धनौकेच्या खालून निघून गेला, फुटलाच नाही. दुसरा खुकरीखाली फुटला. मी तेव्हा चौदा वर्षांचा होतो. आमच्या पाखाडीतला एक जण खुकरीवर होता. त्याच्या आईने पुढे कित्येक वर्षे बंदराकडची खिडकी उघडली नाही. एक टॉर्पेडो फुटतो आणि एक फुटत नाही, यातला फरक मला त्या खिडकीने शिकवला.

आता मूळ मुद्दा. माझगाव डॉकमध्ये बांधलेली नवी कलवरी पाणबुडी 14 डिसेंबर 2017 रोजी नौदलात आली, त्याच वर्गातली सहावी वागशीर 15 जानेवारी 2025 रोजी. त्यातल्या एकीला आपल्या खांदेरीचे नाव आहे. प्रत्येक वेळी आपण पहिल्या पानावर फोटो छापलेत आणि आम्ही पेढे वाटले. या पाणबुड्यांसाठी 98 नवे टॉर्पेडो घ्यायचे ठरले होते, ती खरेदी रद्द झाली. मग जुन्या शिशुमार वर्गाच्या पाणबुड्यांसोबत 1980 च्या दशकात आलेल्या जर्मन एसयूटी टॉर्पेडोंवर काम भागवावे लागले. नवी पाणबुडी आणि तिच्या नळीत जुना टॉर्पेडो, याचे मला रात्री झोपताना वाईट वाटत असे. आता इटलीच्या वास कंपनीशी 1,896 कोटींचा करार झाला. त्यातले पहिले टॉर्पेडो एप्रिल 2028 पासून येणार. सहा पाणबुड्या, प्रत्येकीत 18 अस्त्रांची जागा, आणि टॉर्पेडो 48, म्हणजे पाणबुडीमागे आठ. सरावात टॉर्पेडो पुन्हा वापरता येतो, युद्धात नाही.

आपल्याला हे बनवता येत नाही असे नाही. विशाखापट्टणमच्या प्रयोगशाळेत घडलेल्या वरुणास्त्र टॉर्पेडोचा वेग 40 नॉट (ताशी सुमारे 74 किलोमीटर) आहे, स्फोटक 250 किलो, आणि 2016 पासून ते युद्धनौकांसाठी नौदलाकडे आहे. डीआरडीओचा पाणबुडीसाठीचा टॉर्पेडो कलवरी वर्गावर बसवण्यासाठी डिसेंबर 2024 मध्ये 877 कोटींचा करार झाला आहे. त्याची बातमी आपल्या अंकात मला सापडली नाही. तो कुठवर आला, आपल्या उथळ आणि तापलेल्या पाण्यात त्याच्या किती चाचण्या झाल्या, हे आपल्या वार्ताहराने विचारावे. पुढच्या वेळी माझगाव डॉकमधून पाणबुडीचा फोटो येईल, तेव्हा तिच्या नळीत काय आहे तेही एका ओळीत द्यावे.

वडिलांचे ते वल्हे अजून माझ्या पडवीत आहे. आपला वार्ताहर हर्णैला आला तर त्याला होडीने बाहेर नेईन आणि ते कानाला लावून ऐकवीन.

आपला,
एक निवृत्त नौसैनिक
हर्णै, ता. दापोली, जि. रत्नागिरी