इटली आणि बल्गेरिया एकाच रंगात?

महोदय,

म्हाताऱ्या युरोपवरचा रविवारचा लेख वाचला. नकाशा देखणा होता, यात वाद नाही. पण इटली आणि बल्गेरिया एकाच रंगात रंगवून लेखकमहाशय मोकळे झाले! लोकसंख्या घटतेय, आयुर्मान वाढतंय, विषय संपला. इटलीत १९६४ साली दहा लाखांवर मुलं जन्मली होती, २०२३ मध्ये चार लाखही नाहीत. आयुर्मान मात्र ८३ च्या पुढे. बल्गेरियाचं दुखणं निराळं. १९८५ च्या जनगणनेत ८९ लाखांवर असलेला देश २०२१ मध्ये ६५ लाखांवर आला. पाळणा तिथेही हलेनासा झालाय, पण कमावत्या वयाची माणसंही जर्मनी-स्पेनला निघून गेली. आणि आयुर्मान? कोविडच्या २०२१ मध्ये ते ७२ च्याही खाली घसरलं होतं. आजही युरोपीय संघात तो देश तळाशीच आहे.

माझी भाची जर्मनीत एका वृद्धाश्रमात काम करते. संध्याकाळच्या पाळीत तिच्या जोडीला एक बल्गेरियन बाई असते. आजोबांना कूस बदलून दिली की ही बाई जिन्यात जाऊन गावाकडच्या आईला फोन लावते: गोळी घेतलीस का, शेजारीण डोकावून गेली का. जर्मनीत १९७२ पासून दरवर्षी जन्मांपेक्षा मृत्यू जास्त, तरी देश आठ कोटींच्या वर टिकून आहे, तो अशा माणसांच्या जिवावर. लेखात याचा एक शब्द नाही.

उलट शेवटी ‘आपल्या तरुणांना सुवर्णसंधी’! २०२४ मध्ये आपल्या राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी मनुष्यबळाचा करार केला, चांगलंच झालं. पण भाचीचं ऐका. इथे अख्खा वॉर्ड सांभाळलेली नर्स, जर्मन भाषेची बी-टू पातळीची परीक्षा पास. तिथे पदवीला मान्यता मिळेपर्यंत मदतनीस म्हणून राबली, पगारही मदतनिसाचाच. पैसे भरून घेताना इथल्या एजंटने हे सांगितलं नव्हतं. आता तो फोनही उचलत नाही. त्याच्या फीपायी ताईने पाटल्या मोडल्या. त्याच पानावर, लेखाच्या खाली, अशाच एका एजन्सीची पाव पान जाहिरात होती. हा निव्वळ योगायोग समजतो.

जाता जाता, माझं मागचं पत्र छापलंत, पण त्यातले आकडे सगळे गाळलेत. या वेळी जागा कमी पडली तर माझं नाव गाळा.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सांगली