बाबा, फॉरमॅट मारू नका

ती. आई-बाबा,
सा. न.

पत्र आलं म्हणून दचकू नका, इथे सगळे मजेत आहोत. विंडोज 11 चं अपग्रेड मध्येच अडकून लॅपटॉपच बंद पडलाय म्हटल्यावर ईमेल कुठे वाचणार, मोबाइलवर लांबलचक मजकूर वाचला की बाबांचे डोळे चुरचुरतात, आणि फोनवर आपण तिघंही एकाच वेळी बोलतो. तेव्हा मोठ्या टायपात छापून कुरिअरने पाठवतेय.

आधी मुख्य बातमी. नवा लॅपटॉप मागवलाय. शुक्रवारपर्यंत सहकारनगरला पोचेल. पैसे भरून झालेत, त्यामुळे ‘कॅन्सल कर’ हा विषय संपला. किंमत विचारू नका आणि नेटवर शोधूही नका. बाबा, तुमचं म्हणणं मला तोंडपाठ आहे: ‘चांगला चालत होता, नुसतं अपग्रेड अडकलंय.’ खरंय. पण तो 2019 च्या दसऱ्याला घेतलेला. आत जुनी फिरती हार्ड डिस्क, रॅम चार जीबी. विंडोज 11 ला किमान चारच लागते, म्हणजे पास झाला, पण काठावर. सुरू होईपर्यंत तुमचा चहा उकळून, गाळून, पिऊनही व्हायचा. शिवाय दिवाळीला आम्ही आलो नाही, त्या तिकिटांचे पैसे तसेही वाचलेत. शिवाय सोसायटीचे हिशेब तुमच्याकडे. शिवाय... जाऊ दे. घेतलाय.

आणि ‘मीच ते अपग्रेडचं बटण दाबलं’ हे पालुपद आता पुरे. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला, सुरक्षेचे ठरलेले अपडेट थांबले. ज्या मशीनवर पेन्शनचं खातं उघडतं ते अपग्रेड करायला घेतलंत, यात काय चुकलं? शेजारच्या काकांचा लॅपटॉप विंडोज 11 च्या चाचणीत पासच झाला नाही, कारण त्याचा प्रोसेसर जुना. तुमचा निदान पात्र तरी ठरला.

आई, तुला पडद्यावरची ती किल्ली मागणारी निळी पाटी बघून खंडणीवाले घुसले असं वाटलं ना? तसलं काही नाही. तुमच्या डिस्कवरचा सगळा मजकूर कुलूपबंद असतो, त्याला बिटलॉकर म्हणतात. लॅपटॉपमधली एक चिप रोज गुपचूप ते कुलूप उघडते. पण सुरू होताना लागणाऱ्या फाइली बदललेल्या दिसल्या की तिला शंका येते, कुणीतरी डिस्कशी खेळतंय. मग ती थांबते आणि 48 आकडी किल्ली मागते. बाबा, तुमच्या बँकेतल्या लॉकरसारखं आहे हे. एकट्याच्या किल्लीने उघडतच नाही.

ती किल्ली तुमच्या मायक्रोसॉफ्टच्या खात्यात निवांत पडली होती. मी इथून खात्यात शिरले, पाटीवरच्या ‘की आयडी’ची, म्हणजे किल्लीच्या ओळखखुणेची, पहिली आठ अक्षरं तुमच्याशी ताडून पाहिली, मग सहा-सहा आकड्यांचे आठ गट वाचत गेले आणि तुम्ही प्रत्येक गटानंतर ‘पुढे’ म्हणत टाइप करत गेलात. तळजाईच्या चढावर माझे पाढे घेताना अस्संच ‘पुढे’ म्हणायचात. एकोणतीसच्या पाढ्याला मी हमखास बसकण मारायचे आणि तुम्ही खिशातून लिमलेटची गोळी काढायचात. त्या दिवशी फोनवर आकडे वाचताना मला उगीचच त्या गोळीची आठवण झाली. बँकेच्या डायरीत पासवर्डांच्या पानावर ती किल्ली लिहून ठेवलीत, छान केलंत. पण लॅपटॉपच्या बॅगेत ती डायरी ठेवू नका हो. कपाटात ठेवा.

तर आत्ताची परिस्थिती. किल्ली लागली, लोगो आला, ठिपक्यांचं चक्र फिरलं आणि गाडी पुन्हा ‘ऑटोमॅटिक रिपेअर’च्या निळ्या पडद्यावर, म्हणजे विंडोज स्वतःच स्वतःला दुरुस्त करू बघतं तिथे, येऊन अडकली. प्रिंटर काढला, आईच्या भजनांचा पेन ड्राइव्ह काढला (तो लावलेला असला तर मशीन कधीकधी त्याच्यावरूनच सुरू व्हायला बघतं), चार्जर काढून पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरलं. फरक पडला नाही. पण लोगो दिसतो, पंखा फिरतो, कॅप्स लॉक दाबला की दिवा लागतो-विझतो. म्हणजे यंत्र धडधाकट असावं, अडकलीय ती सिस्टीम. गिर्यारोहणाचे फोटो, हिशेबाच्या फाइली, आईने टाइप केलेली भोंडल्याची गाणी, सगळं डिस्कवर आहे अशीच माझी खात्री आहे.

म्हणूनच टिळक रोडच्या त्या दुकानात जायचं नाही. तो माणूस चांगला असेल, पाचशे रुपयांत काम करत असेल, पण त्याचं औषध एकच, फॉरमॅट. फॉरमॅट मारला की हे सगळं पुसलं जाईल. आणि किल्लीशिवाय डिस्क काढून दुसऱ्या मशीनला जोडली तरी त्याला एक अक्षर दिसणार नाही.

रविवारी सकाळी मावशीचा धाकटा येतोय. तो त्याच निळ्या मेनूतून ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स असं आत जाऊन ते अपग्रेड काढून जुनी सिस्टीम परत आणता येते का बघेल. त्याला साधारण दहा दिवसांची मुदत असते, आपण त्यात आहोत. नाहीच जमलं तर पेन ड्राइव्हवरून मशीन सुरू करेल, किल्ली देईल आणि फाइली बाहेरच्या डिस्कवर काढून घेईल. मी स्वतः यायला हवं होतं, पण लेकीची परीक्षा आहे आणि या कामात तो माझ्यापेक्षा तरबेज आहे. त्याला पोहे द्या, पैसे देऊ नका, घेणार नाही. आणि काम चालू असताना बाबा, त्याच्या खांद्यावरून वाकून बघू नका.

हयातीच्या दाखल्याची काळजी सोडा. तो आता मोबाइलच्या कॅमेऱ्यापुढे चेहरा दाखवूनही देता येतो, बोटांचं यंत्र लागत नाही. नोव्हेंबर संपायला अवकाश आहे. रविवारीच त्याच्याकडून करून घ्या. लॅपटॉपची गरजच नाही.

आता जरा रागावते. आईने चुगली केलीय, तिच्यावर डाफरू नका. मध्यरात्र उलटली तरी भिंग घेऊन त्या पडद्यापुढे बसायचं, आणि रक्तदाबाची गोळी टेबलावर तशीच? हे चालणार नाही. रविवारपर्यंत लॅपटॉप बंद करून, आईने शिवलेल्या त्या कव्हरात घालून कपाटात ठेवायचा. आई, किल्ली तुझ्याकडे. कपाटाची म्हणतेय.

नेटवर ‘मदत क्रमांक’ शोधून कुणालाही फोन करू नका, त्यातले बरेच भामटे असतात. कुणी ‘विंडोजमधून बोलतोय’ म्हणून फोन केला, तर ओटीपी द्यायचा नाही, सांगेल ते ॲप टाकायचं नाही, फोन ठेवून द्यायचा. पैशांचं काही घडलंच तर लगेच 1930 ला फोन, मग मला.

बाकी, तुळशीच्या लग्नाचे फोटो पाहिले. अंगणातल्या उसाच्या मांडवाखाली बाबा फारच बारीक दिसले. संध्याकाळी फिरून आल्यावर काहीतरी खा, नुसत्या चहावर राहू नका.

तुमची,
धाकटी

ता. क. नव्या लॅपटॉपचा खोका रद्दीत द्यायचा नाही. बिल त्यातच आहे, बाबा, आणि त्यावरची किंमत मी पेनाने खोडायला सांगितलीय.