रविवारची सकाळ तेवढी मोकळी ठेवा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

रविवारीही शाळेत येऊन दहावीचे जादा वर्ग घेणाऱ्या शिक्षकांचं कौतुक करणारं एका पालकांचं पत्र आपल्या अंकात वाचलं. ते शिक्षक त्याचा जास्तीचा एक रुपया घेत नाहीत, हे मला माहीत आहे. त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण रविवारी सकाळी मीही शिकवते, आणि माझ्यासमोर बसणारी मुलं तीच आहेत. म्हणून हे पत्र.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिलाईकाम करते. घरची चार एकर कोरडवाहू, कापूस आणि तूर. आम्ही कॅथलिक. तालुक्याचे फादर रविवारी सकाळी येऊन मिस्सा, म्हणजे आमची रविवारची उपासना, करतात आणि लगेच पुढच्या गावाला निघतात. आधी मुलांच्या धर्मशिक्षणाला एक सिस्टर यायच्या. त्यांची बदली झाली आणि ते काम माझ्याकडे आलं. आमच्याच घरांतली, बाप्तिस्मा झालेली मुलं. चर्चच्या ओसरीवर सतरंजी टाकून बसतात. दार उघडंच असतं.

गावात नेहमी विचारतात, "किती भेटते याचं?" काहीच भेटत नाही म्हटलं तर खरं वाटत नाही. नाताळात फादरांकडून एक साडी मिळते, ती धरायची असेल तर धरा. तिचा ब्लाउज मीच शिवते. पोप फ्रान्सिस यांनी 10 मे 2021 रोजी धर्मशिक्षकाच्या सेवेला चर्चमध्ये रीतसर स्थान दिलं. तेव्हा कोरोनामुळे चर्चला कुलूप होतं, बातमी फादरांनी व्हॉट्सअॅपवर पाठवली. वाचून बरं वाटलं. पगाराचा उल्लेख त्यातही नव्हता.

लहान मुलांना शिकवणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. 2025 च्या खरिपात मी पेरणाऱ्याचा दाखला घेतला. येशू सांगतो, एक माणूस पेरायला निघाला. काही बी वाटेवर पडलं ते पाखरांनी टिपलं, काही खडकाळीत पडलं, काही काट्यांत, आणि जे चांगल्या जमिनीत पडलं त्याला तीसपट, साठपट, शंभरपट पीक आलं. मी काट्यांपर्यंत पोचले नाही तोच चौथीतला एक पोरगा उठला. "टीचर, हा माणूस बी वाटेवर काऊन फेकते? पाकीट नऊशे एक रुपयाले हाय." खरंच होतं. त्या हंगामात बीटी कपाशीच्या पाकिटाचा सरकारी भाव 901 रुपये होता, आदल्या वर्षी 864. त्याच्या घरी सरकी टोबताना, म्हणजे एकेक बी हातानं लावताना, एका जागी दोन पडल्या तर आजी ओरडते. मग तो सगळा तास तिथेच गेला. पूर्वी तीळ-ज्वारी फोकायचे, म्हणजे मुठीनं फेकून पेरायचे, तेव्हा धुऱ्यावर किती बी वाया जायचं, बरडात काय उगवतं, पाखरं कोण राखायचं. शेवटी एक बारकी पोरगी म्हणाली, "मंग देवाजवळ बियाण्याची कमी नसन." पुस्तकातला अर्थ सांगायची गरजच उरली नाही.

पण धर्मशिक्षकाची खरी गरज लागते ती आठवीनंतर. पहिलं कम्युनियन, म्हणजे पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेणं, तिसरी-चौथीच्या वयात होतं, त्यासाठी प्रार्थना, दहा आज्ञा, सात संस्कार हे बरंचसं पाठांतर असतं. दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची श्रद्धा पक्की करणारा संस्कार, पुढे, आमच्याकडे आठवी ते दहावीच्या वयात. ते द्यायला बिशप अमरावतीहून येतात. या वयात मुलं प्रश्न विचारायला लागतात. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात कशासाठी येतं हे आपल्याला सांगायला नको. नववीतल्या एका मुलीनं, बाकीचे पांगल्यावर सतरंजी गुंडाळता गुंडाळता विचारलं, "टीचर, ज्यानं औषध घेतलं त्याले देव जवळ घेते का?" तिच्या घरातलं कोण गेलं होतं ते गावात सर्वांना ठाऊक आहे.

जुन्या माणसांच्या मनात अजूनही आहे की आत्महत्या केलेल्या माणसाला चर्चची माती मिळत नाही. 1917 च्या चर्च कायद्यात तसं कलम होतंच. 1983 च्या कायद्यात ते राहिलं नाही. आणि 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथात 2282 व 2283 या परिच्छेदांत सरळ लिहिलं आहे की मनाचा तीव्र विकार, यातना, हालअपेष्टांची भीती यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते. अशा माणसाच्या तारणाची आशा सोडू नये. चर्च त्यांच्यासाठी प्रार्थना करतं. फादरांकडून पुस्तक आणून मी त्या पानात खूण घालून ठेवली. पुढच्या रविवारी ती आली नाही, शाळेत विज्ञानाची सराव परीक्षा होती. त्याच्या पुढच्या रविवारी बीजगणिताची. शेवटी ब्लाउजचं माप घ्यायच्या निमित्तानं मीच एका संध्याकाळी तिच्या घरी गेले आणि तिच्या आईसमोर ते वाचलं. आईनं दोनदा वाचायला लावलं.

आता कुणी म्हणेल, परीक्षा बुडवून धर्म शिकवायचा का? मुळीच नाही. 22 डिसेंबर 2024 हा नाताळच्या आधीचा शेवटचा रविवार. येशूजन्माच्या देखाव्याचा गोठा बांधायचा होता, गाणी बसवायची होती आणि आठवीची एनएमएमएस ही शिष्यवृत्तीची परीक्षा नेमकी त्याच दिवशी. मीच मुलांना सांगितलं, आधी पेपर द्या. फादरांनी त्यांच्यासाठी शनिवारी संध्याकाळी मिस्सा केली. चर्चला ती रविवारच्या जागी चालते. निवड झाली तर नववी ते बारावी दर वर्षी 12,000 रुपये मिळतात. कापूस विकून घर चालवणाऱ्याला ती रक्कम किती मोठी हे मला कुणी शिकवू नये. वर्षातल्या अशा एखाद-दोन रविवारांबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. दर रविवारी मुलांना बोलावून घ्यायची जी सवय लागली आहे, तिच्याबद्दल आहे.

शिक्षण हक्क कायदा सहावी ते आठवीला वर्षाकाठी 220 दिवसांची शाळा सांगतो. एवढ्या दिवसांत जे बसत नाही ते कुठे अडतं, हे जाणकारांनी पाहावं. जानेवारी 2024 मध्ये केंद्र सरकारनं कोचिंग क्लासेससाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मुलांना आठवड्याची सुट्टी द्या, आणि सुट्टीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा ठेवू नका, असं त्यांत आहे. पण त्या पन्नासहून जास्त मुलं असलेल्या क्लासेससाठी. आमच्या तालुक्यातल्या गाळ्यांत पन्नास मुलं मावतही नाहीत, म्हणजे त्यांना मोकळं रान.

हे दुखणं एकट्या चर्चचं नाही. गावच्या बौद्ध विहारात रविवारी सकाळी एक दादा मुलांकडून वंदना, पंचशील म्हणवून घेतात, बाबासाहेबांचं चरित्र सांगतात. विठ्ठल मंदिरातले काका हरिपाठ आणि मृदंग शिकवतात. तुकडोजी महाराजांच्या गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना रोज संध्याकाळची, म्हणून ती तेवढी टिकून आहे. बाकी आम्ही तिघं रस्त्यात भेटलो की एकमेकांना विचारतो, "आज तुमच्याकडे किती?"

मुलींची अडचण आणखी वेगळी. सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातली एसटीची निळी बस त्यांना शाळेत फुकट नेते-आणते, पण आमच्या मार्गावर ती रविवारी नसते. मग काळी-पिवळीत कोंबून घ्या आणि भाड्याचे पैसे वरून द्या. ज्या बापाकडे ते नसतात, त्याची पोरगी जादा वर्गाला जात नाही आणि भीतीनं माझ्याकडेही येत नाही, कारण सोमवारी सर सगळ्यांसमोर विचारतात, "चर्चले टाइम हाय, शाळेले नाही?"

शनिवारी शाळा सकाळची असते. जादा वर्ग शनिवारी दुपारी घेता येतील. बस निघून जाते ही अडचण खरी आहे. पण मुख्याध्यापकांनी आगाराला पत्र दिलं, सोबत पालक सभेचा ठराव जोडला, तर शनिवारची परतीची फेरी दोन-अडीच तास पुढे का जाऊ नये? रविवारीच घ्यायचं असेल तर अकरानंतर घ्या. तोवर मिस्सा झालेली असते, माझा तास झालेला असतो, विहारातलीही मुलं मोकळी असतात.

विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या शेवटच्या आठवड्यात उघडतात, म्हणजे नव्या सत्राचं वेळापत्रक ठरायला अजून अवकाश आहे. त्याआधी विहारातले दादा, विठ्ठल मंदिरातले काका आणि मी एकाच अर्जावर सह्या करून मुख्याध्यापकांना भेटणार आहोत. अर्ज दादांनी लिहिला आहे, त्यांचं अक्षर चांगलं आहे. दुसऱ्या गावात कुणाला तसा अर्ज द्यायचा असेल तर आपल्या कार्यालयाकडे कळवावं, मी झेरॉक्स पाठवते.

आपली नम्र,
एक धर्मशिक्षिका, जि. यवतमाळ
(नाव व पत्ता संपादकांकडे)