बी नसलेल्या टोमॅटोचं बी

फोंडा, शिमग्यानंतरचा रविवार

प्रिय दत्ता,

सहा महिने पत्र नाही, दोष माझा. तब्येत बरी, साखर तिथेच आहे. पण जनुक मोडलेल्या टोमॅटोंपैकी नऊ नंबरच्या झाडाने जे केलं ते तुलाच सांगता येईल.

फळं धरली! कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्याने परागकोश काढले होते, वर पिशव्या बांधल्या होत्या, तरीही. कापली तर आत एक बी नाही. एसएल-आयएए-9 हे जनुक खरंच निकामी झालंय. त्याचं प्रथिन म्हणजे फळधारणेचा ब्रेक. परागण झालं की ऑक्झिन हे संप्रेरक वाढतं, ब्रेक मोडतो, मग फळ धरतं. इथे ब्रेकच नाही. उन्हाळ्यात पारा 35 अंशांवर गेला की पराग नासतात आणि फुलं गळतात, त्या दिवसांत हे झाड कामाचं. शेतकरी फुलांवर एनएए, म्हणजे कृत्रिम ऑक्झिन, मारतो, तेच आतून.

पानं मात्र बघवत नाहीत. पान पाकळ्यापाकळ्यांचं व्हायलाही तोच ब्रेक लागतो, त्यामुळे बरीच पानं एकसंध. तू म्हणालाच होतास की जनुक समूळ मोडू नये. बरं, जिंकलास.

खरी चिंता वेगळी. जनुक कापणारी कात्री, कॅस-9, तिच्या जनुकासकट अजून झाडात बसलाय. तो पुढच्या पिढीत वेगळा काढायचा, पण बीच नाही, तर पुढची पिढी येणार कशातून? 2022 पासून एसडीएन-1 प्रकाराला (बाहेरचं जनुक न घालता झाडाचंच जनुक बदलणं) जीएम, म्हणजे जनुकीय सुधारित पिकांच्या, कडक नियमांतून सूट आहे, ती बाहेरचा डीएनए उरला नाही हे सिद्ध केल्यावरच. मे 2025 मध्ये जाहीर झालेलं 'कमला' भातही संप्रेरकाचंच, सायटोकायनिन हे संप्रेरक मोडणाऱ्या विकराच्या जनुकात बदल केलेलं. पण त्यांच्या लोंबीत दाणे भरतात रे!

माझा बेत असा. याला आई करायचं नाही; अंडाशय फूल उमलायच्या आधीच फुगतो, परागण उशिराचं ठरतं. त्याऐवजी याचे पराग साध्या झाडाच्या परागकोश काढलेल्या फुलावर. आधी अॅसिटोकार्माइनमध्ये रंगवून बघायचे, गोल भरलेले असतील तरच. कॅस-9 एकाच जागी शिरला असेल तर निम्मी रोपं त्याच्याविना निघतील. तसंच रोप निवडायचं, नाहीतर कॅस जनुकाच्या चांगल्या प्रतीलाही कापत बसेल. त्याचं स्वपरागण केलं की चौथा हिस्सा दोन्ही प्रती बिघडलेला.

दोन ठिकाणी फसू शकतं. पहिल्या पिढीचं झाड ठिगळांचं असतं, फांदीफांदीत बदल वेगळा, म्हणून ज्या फांदीचे पराग घेतो तिच्याच पानातल्या डीएनएचा क्रम वाचायचा. आणि ऊतीसंवर्धनातून झाड चौगुणित (गुणसूत्रांचे दोनाऐवजी चार संच) झालं असेल तर सगळं गणित कोसळतं. पर्णरंध्राच्या रक्षक पेशींतली हरितलवकं मोजून साध्या झाडाशी ताडायची. यात काही निसटतंय का, बघ. तुझी नजर वाईट आहे, म्हणजे चांगली.

आपल्या आंबट जांभ्या मातीत जिवाणूजन्य मर एका रात्रीत झाड आडवं करते. म्हणून बगलफुटव्यांची कलमं मर सहन करणाऱ्या वांग्याच्या खुंटावर बांधलीत. मूळ झाड गेलं तरी वाण जाणार नाही.

वहिनींचा गुडघा? धाकटीचं कॉलेज ठरलं? कळव.

पराग कॅप्सूलमध्ये, सिलिका जेलवर, फ्रीजमध्ये आहेत. फळं मागू नकोस, ती जाळीघरातून थेट ऑटोक्लेव्हमध्ये, वाफेने निर्जंतुक करायला, जातात. आणि हुमणात, माशाच्या आमटीत, टोमॅटो घालणाऱ्याला तर मी तशीही दिली नसती. सोलं घाल.

तुझा,
विठू