कळा खोट्या असतील, बाई खोटी नसते

मा. संपादक,

पाटण तालुक्यातल्या डोंगरी वाड्यांवर मी २९ वर्षे आरोग्यसेविका होते. गेल्या महिन्यात माझ्याच भाचीच्या बाबतीत जे घडले ते जिव्हारी लागले, म्हणून लिहिते.

भाची पहिलटकरीण, ३८ आठवडे झालेले. रात्री पोट दुखू लागले म्हणून दोनदा दवाखान्यात नेले. दोन्ही वेळा तपासून घरी पाठवले. त्याबद्दल तक्रार नाही, कळा खऱ्या नव्हत्याच. पण दुसऱ्या खेपेला "एवढ्याशा दुखण्याला धावत येता, नाटकं बास झाली" असे सगळ्यांसमोर ऐकवले. तिसऱ्यांदा खऱ्या कळा सुरू झाल्या, तेव्हा पोरगी पहाटेपर्यंत पदराचा बोळा दाताखाली धरून बसून राहिली. सासूलाही उठवले नाही. दवाखान्यात पोचली तेव्हा गर्भपिशवीचे तोंड ९ सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ पूर्ण उघडलेले. बाळ-बाळंतीण सुखरूप आहेत, पण रस्त्यात काहीही होऊ शकले असते.

तिच्या ज्या दुखण्याला नाटक म्हटले गेले, ती शरीराची बाळंतपणाची तयारी असते. शेवटच्या आठवड्यांत गर्भाशय अधूनमधून आवळते, सैल पडते. नाकाच्या शेंड्यासारखे टणक असलेले पिशवीचे तोंड ओठांसारखे मऊ होत जाते. पहिलटकरणीचे पोट बहुधा दोन-चार आठवडे आधीच उतरते. श्वास मोकळा होतो, पण लघवीला सारखे उठावे लागते.

मी वाडीवर गेले की बाईचाच हात तिच्या पोटावर ठेवायचे. "आता कडक झालं ना? राहू दे हात. सैल पडलं? आता घड्याळ बघ." एकदा हाताला कळले की ती कधी विसरत नसे. कळा वेळीअवेळी येत असतील, चालल्यावर किंवा कूस बदलल्यावर ओसरत असतील, तर अजून वेळ आहे. कळांमधले अंतर कमी होत गेले, प्रत्येक कळ जास्त लांबली, पोट कपाळासारखे कडक लागू लागले, की निघायचे. चिकट स्रावात रक्ताची रेघ दिसली तर घाबरायचे कारण नाही. मात्र पाणी गेले, अंगावरून रक्त जाऊ लागले किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर कळांची वाट पाहायचीच नाही. आणि ३७ आठवड्यांच्या आत नियमित कळा आल्या तरी लगेच दवाखाना गाठायचा.

दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते. वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन सगळे कार्डावर चढते. त्याच दिवशी आठव्या-नवव्या महिन्यातल्या बायकांना, जमल्यास सासूला किंवा आईलाही शेजारी बसवून, एवढे दहा मिनिटांत सांगता येते. यासाठी वेगळा निधी लागत नाही.

रात्रपाळीच्या माझ्या बहिणींवर किती ताण असतो, ते मी जाणते. घरी पाठवायचे तर जरूर पाठवा. फक्त दारापर्यंत जाताना तिला सांगा, "पुन्हा दुखलं तर पुन्हा ये, रात्री दोन वाजता वाटलं तरी ये."

– एक निवृत्त आरोग्यसेविका, पाटण (जि. सातारा)